कला, बालक आणि समाज : एका अभ्यासक्रमाच्या वंशावळीचा शोध

प्रस्तुत लेखास निमित्त असें घडलें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या अमेरिकेंतील एका महाविद्यालयांत शिकत आहे. विद्यार्थ्यानें आपला प्रधान विषय ठरीव यादींतूनच घेतला पाहिजे, असा निर्बंध तेथें नाहीं. दोनतीन शाखांतील अध्ययन एकत्र जुळवून, त्या जुळणीस एक नांव देऊन, ती कां करावयाची याचें लेखी समर्थन अध्यापकांपुढें मांडावें. त्यांस तें पटलें म्हणजे त्या एका विद्यार्थ्यापुरता तोच प्रधान विषय ठरतो. या मुलीनें चित्रादि कला, बालकाची वाढ आणि समाजशास्त्र अशी त्रिपुटी योजिली आहे. गेल्या दिवाळींत ती आमच्याकडे आली तेव्हां म्हणाली, "आजोबा, हें सारें आपल्याकडे पूर्वीं होतेंच ना? चौसष्ट कलांत असेलच. मला एखादा आधार काढून द्या. अर्जांत घालतां येईल."

आधार काढून देणें हा आम्हां संस्कृतज्ञांचा जुना धंदा आहे, आणि मागेल त्यास मागेल तो आधार पुरविल्याचीं उदाहरणें आमच्या पिढीनें इतकीं पाहिलीं आहेत कीं, त्यांत आणखी एकाची भर घालण्याचें आमच्या मनांत येईना. म्हणून तिला तत्काळ होकार न देतां आम्हीं ग्रंथ काढून पाहिले. त्या शोधांत जें हातीं आलें तें तिच्या अर्जास कितपत उपयोगीं पडेल तें पडो. परंतु इतिहासाच्या व विशेषतः हस्तलिखितांच्या अभ्यासकांपुढें तें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख सादर करीत आहों.

प्रथम 'कला' शब्द घेऊं. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत पहिल्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत चौसष्ट कलांची प्रसिद्ध गणना आहे. गीत, वाद्य, नृत्य, आलेख्य येथून निघून ती यादी माळा गुंफणें, शिवणकाम, सुतारकाम, वास्तुविद्या, पोपट-मैनांस बोलावयास शिकविणें अशीं वळणें घेत चालते, आणि शेवटास येतां येतां तींत 'बालक्रीडनकें' हें पद आढळतें. यशोधरानें जयमंगला टीकेंत त्याचा संबंध चेंडू, बाहुल्या इत्यादि मुलांच्या खेळण्यांशीं लाविला आहे. म्हणजे मुलांचीं खेळणीं ही वात्स्यायनाच्या मतें एक स्वतंत्र कला होय. एवढ्यावर थांबलें असतें तर त्या मुलीस हवा तो आधार मिळाला, असें म्हणून आम्हांस ग्रंथ मिटतां आला असता.

परंतु यादीच्या आगेंमागें काय आहे तें न पाहतां एक पद उचलणें हें संशोधन नव्हे. त्याच अध्यायांत वात्स्यायनानें एक पूर्वपक्ष मांडिला आहे. स्त्रियांस शास्त्राचें ग्रहण होत नाहीं, म्हणून त्यांस शास्त्र शिकविणें व्यर्थ, असें आचार्यांचें म्हणणें. त्यावर वात्स्यायनाचें उत्तर असें कीं, प्रयोगाचें ग्रहण तर त्यांस होतेंच, आणि प्रयोग हा शास्त्रमूलकच असतो. शिवाय शास्त्रानें बुद्धि परिष्कृत झालेल्या गणिका, राजकन्या व महामात्रांच्या मुली प्रत्यक्ष आहेतच. पुढें तो सांगतो कीं, कन्येनें या चौसष्टांचा अभ्यास एकांतांत, एकटीनें करावा. आणि पतीचा वियोग होऊन दारुण संकट ओढवलें तरी अशा विद्यांच्या बळावर ती परक्या देशांतही सुखानें राहूं शकते. हा शेवटला विचार परदेशीं शिकणाऱ्या मुलीस सांगण्यासारखा आहे खरा. परंतु लक्ष्य काय आहे? कन्येनें एकटीनें अभ्यासावें असें आहे. कशाचा अभ्यास करावयाचा हें मात्र तिनें ठरवावयाचें नाहीं. यादी आधीं तयार आहे. खेळणीं तींत आहेत तीं कलाकुशल स्त्रीच्या अनेक गुणांपैकीं एक म्हणून. त्या खेळण्यानें मुलाचें काय होतें याची चिकित्सा वात्स्यायनास कर्तव्य नव्हती.

दुसरी यादी शुक्रनीतींतील. तींत शिशूचें संरक्षण करणें, त्यास धरणें व खेळविणें याचें ज्ञान ही एक कला म्हणून स्पष्ट गणिली आहे. वात्स्यायनाची दृष्टि खेळण्याच्या वस्तूवर होती, शुक्रनीतीची मुलावर आहे. हा भेद लहान नाहीं. विद्या व कला यांतील अंतरही शुक्रनीतीनें मार्मिक सांगितलें आहे : जी वाणीनें व्यक्त होते ती विद्या, आणि जी मुकाही करूं शकतो ती कला. मूल सांभाळणें हें दुसऱ्या वर्गांत पडतें. आणि ज्यानें जी कला धरली त्या कलेच्या नांवानें त्याची जाति ओळखली जाते, असेंही तेथेंच म्हटलें आहे. कला, शिशु व समाज अशीं तिन्ही पदें एका प्रकरणांत सांपडलेलीं पाहून आम्हांस क्षणभर आनंद झाला, हें कबूल करतों.

तथापि शुक्रनीतीच्या काळाचा प्रश्न आहे. गुस्ताव ओपर्टनें १८८२ सालीं मद्रासेस या ग्रंथाची आवृत्ति छापली, तेव्हांपासून त्यास अतिप्राचीन मानण्याची चाल पडली. परंतु ग्रंथांत बंदुकीचें व दारूचें वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं, प्राचीनत्वाचा पक्ष पुष्कळांस प्रथमपासूनच लंगडा वाटत आला. आणि १९६२ सालीं लल्लनजी गोपाळ यांनीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतीलच असावा असें सविस्तर प्रतिपादन केलें. तें सर्वांशीं मान्य न केलें तरी, ज्या ग्रंथाच्या वयाबद्दल हजार-दीड हजार वर्षांचा मतभेद संभवतो, त्यांतील वचन 'आपल्याकडे पूर्वींपासून होतें' या विधानाच्या पुष्ट्यर्थ पुढें करणें धोक्याचें आहे. आमच्या आनंदाची अवधि एवढीच.

बालकाविषयीं बोलावयाचें तर कामशास्त्र व नीतिशास्त्र सोडून वैद्यकाकडे वळलें पाहिजे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं कौमारभृत्य हें एक अंग होय. चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत कुमारागाराचें, म्हणजे मुलाच्या खोलीचें, वर्णन आहे. ती वास्तुविद्येंत कुशल असलेल्या मनुष्याकडून बांधवावी. ती प्रशस्त, उजेडाची, थेट वारा न लागणारी पण हवा खेळती असणारी, उंदीर-किडे-श्वापदें यांचा उपद्रव नसलेली असावी. त्यानंतर खेळण्यांचा विचार येतो. खेळणें रंगीबेरंगी, आवाज करणारें व मनोहर असावें. तें जड नसावें, त्याचें टोंक अणकुचीदार नसावें, तोंडांत जाईल इतकें लहान नसावें, जिवास अपाय करणारें नसावें आणि भीति वाटेल असें नसावें. आजही खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम करणारास यांत फारशी भर घालावी लागणार नाहीं. लगेच पुढें तर याहून मोलाची गोष्ट आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांचीं नांवें घेऊन त्यास भिवविणें बरें नव्हे, असें चरक बजावतो. 'बागुलबोवा आला' म्हणून घांस भरविणाऱ्या आमच्या घरांतून हें वचन भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचें आहे. आमचें घरही त्याला अपवाद नव्हतें.

याच शास्त्राचा मुख्य ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता अथवा वृद्धजीवकीय तंत्र. त्याची हकीकत पोथ्यांच्या संग्राहकांनीं पुनःपुनः आठवावी अशी आहे. ग्रंथाचें नांव ठाऊक, उतारे इकडे तिकडे आढळत, परंतु मूळ ग्रंथ दुर्लभ. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्याजवळील खंडित ताडपत्र-पोथीवरून तो १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. पोथी मधूनमधून तुटलेली, कित्येक अध्याय अर्धवट. तरी खिलस्थानांतील जातकर्मोत्तरीय अध्यायांत मुलास जमिनीवर बसवून त्याच्याभोंवतीं मांडावयाच्या पशुपक्ष्यांच्या आकृतींची लांब नामावळी वाचावयास मिळते. ती पोथी कोणा कारकुनानें जुनीं निरुपयोगी पानें म्हणून टाकून दिली असती, तर भारतीयांनीं बालकाकडे शास्त्र म्हणून पाहिलें याचा सर्वांत मोठा पुरावा आज आपणांजवळ नसता. या गोष्टीचा पुढें आम्हांस उपयोग करावयाचा आहे.

राहिला समाज. मुलाच्या खेळण्यांत समाज कसा उतरतो हें शास्त्रग्रंथांत आम्हांस कोठें सांपडलें नाहीं. तें सांपडलें एका नाटकांत. शूद्रकाच्या मृच्छकटिकाचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलें आहे. सहाव्या अंकांत चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठीं रडतो आहे. दासी रदनिका त्यास मातीची गाडी देऊन समजाविते. आणि वसंतसेना आपले अलंकार उतरवून ती मातीची गाडी भरून देते. पुढें त्याच अलंकारांवरून चारुदत्त वधस्तंभापर्यंत पोंचतो. खेळणें, मूल आणि गरिबी-श्रीमंती यांचा एवढा घट्ट पीळ दुसऱ्या कोणा संस्कृत ग्रंथकारानें घातलेला नाहीं. आम्हीं हें नाटक वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. परंतु तेव्हां आमचें सारें लक्ष प्राकृतांच्या प्रकारांकडे असे, गाडीकडे नसे.

तेव्हां घटक सर्व होते. कला होती, बालकाचें शास्त्र होतें, समाजाचें निरीक्षणही होतें. परंतु वैद्य कुमारागार सांगे, खेळणीं दुसरेच कोणी घडवीत, आणि त्या दोघांस एका बाकावर बसविणारी शाळा नव्हती. सावंतवाडीच्या लाकडी, लाखेच्या रंगीत खेळण्यांची कीर्ति मोठी. तीं करणारे चितारी. शुक्रनीतींत म्हटल्याप्रमाणें कलेवरून जातीचें नांव पडल्याचा हा चालता पुरावा. त्या चिताऱ्याच्या मुलानें रंग घोटावयाचा तो त्याच्या आवडीनें नव्हे, जन्मानें. म्हणून, या त्रिपुटीची जुळणी ज्यानें शिकावयाचें त्यानेंच करावी, या कल्पनेस आमच्या प्राचीन वाङ्मयांत आधार नाहीं, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

अर्वाचीन काळांत मात्र ही त्रिपुटी आमच्याच पुणें शहरांत फार गाजली आहे, आणि तिचा इतिहास गोड नाहीं. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. तेंच पुढें हुजूरपागा या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. त्यांत मुलींस काय शिकवावें यावरून वाद माजला. १८८७ सालीं 'मराठा' पत्रांतून टिळकपक्षानें त्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींस पुढें जें गृहकृत्य करावयाचें त्यास अनुरूप असें शिक्षण द्यावें, असा तिचा रोख होता. उलट कै. आगरकरांनीं 'सुधारकां'त स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें व तेंही एकत्र द्यावें, असा पक्ष घेतला. या वादांत शिवण, संगीत, बालसंगोपन हे विषय एका बाजूनें गणित-इंग्रजीच्या ऐवजीं म्हणून पुढें केले जात होते, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. जे विषय मुलीच्या अंगीं नवें सामर्थ्य आणूं शकले असते तेच तिच्यापुढील दार लावून घेण्यास उपयोगीं आणले गेले. म्हणून सुधारकांच्या घरांतील कित्येक मुलींस पुढें या विषयांचा वीटच आला असल्यास नवल नाहीं.

महर्षि कर्व्यांनीं हा वाद निराळ्या रीतीनें सोडविण्याचा यत्न केला. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या सुमारास जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारें एक पुस्तक काशीच्या शिवप्रसाद गुप्तांकडून त्यांच्या हातीं आलें होतें. जिन्झो नारुसे यांनीं १९०१ सालीं टोकियोस काढलेली ती संस्था. त्यावरून स्फूर्ति घेऊन १९१६ च्या जून महिन्यांत भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपति व रँग्लर परांजपे पहिले कुलगुरु झाले. महाविद्यालयांत आरंभीं विद्यार्थिनी अवघ्या पांच. मातृभाषेंतून उच्च शिक्षण हें पहिलें तत्त्व. स्त्रियांच्या गरजांस अनुरूप अभ्यासक्रम हें दुसरें. त्या अभ्यासक्रमांत गृहव्यवस्था व आरोग्य यांस मानाचें स्थान मिळालें, आणि संगीत-चित्रकलादि विषयही विद्यापीठाच्या कक्षेंत आले. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव देण्यांत आलें. १९३६ सालीं कचेरी मुंबईस गेली. सरकारी कायद्याची मान्यता मिळावयास १९४९ साल उजाडलें. तोंवर तेहतीस वर्षें या पदव्यांस सरकारी मान्यता नव्हती, तरीही मुली शिकत राहिल्या.

त्या पदव्यांच्या नांवांकडे संस्कृतज्ञानें थोडें थांबून पाहावें. पहिली 'गृहीतागमा', दुसरी 'प्रदेयागमा'. जिनें आगम ग्रहण केला ती गृहीतागमा. जिनें तो आतां इतरांस द्यावयाचा ती प्रदेयागमा. 'बॅचलर' म्हणजे अविवाहित पुरुष. त्या शब्दापेक्षां हीं नांवें कितीतरी अर्थपूर्ण आहेत. परंतु घेणें व देणें या दोन क्रियांच्या आधीं निवडणें अशी एक क्रिया असते; तिच्यासाठीं पदवी कोणी योजिली नाहीं. 'स्वयंवृतागमा' हा शब्द व्याकरणास धरून आहे. तो आम्हीं त्या मुलीस सुचविला. तिला तो उच्चारतां आला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

निवडीचा हा भाग अमेरिकेंत वाढला. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनीं १८६९ ते १९०९ या आपल्या दीर्घ कारकीर्दींत विद्यार्थ्यानें विषय स्वतः घ्यावे ही पद्धति रुजविली. कर्व्यांनीं पुण्यांत विद्यापीठ काढलें त्याच १९१६ सालीं न्यूयॉर्कांत ल्यूसी स्प्रेग मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांच्या वाढीचें प्रत्यक्ष निरीक्षण करण्यासाठीं शैक्षणिक प्रयोगांची एक कचेरी स्थापिली. त्याच वर्तुळांतील कॅरोलाइन प्रॅट यांनीं साध्या लाकडी ठोकळ्यांचें खेळणें मुलांच्या हातीं दिलें. १९२६ सालीं न्यूयॉर्कजवळ सारा लॉरेन्स हें महिला महाविद्यालय स्थापन झालें. तेथें प्रत्येक मुलीचा अभ्यास तिच्याशीं बोलून ठरवावयाचा, कलांस इतर विद्यांच्या बरोबरीचें स्थान द्यावयाचें, आणि महाविद्यालयाच्या आवारांतच बालशाळा ठेवावयाची, अशी रीति पडली. विषय पाहूं गेल्यास पुण्यांतील टीकाकारांनीं मुलींसाठीं सुचविलेल्या यादीशीं त्यांचें बरेंच साम्य दिसेल. अंतर एवढेंच कीं, येथें यादी दुसऱ्यानें केली होती.

आमच्याकडे स्वातंत्र्यानंतर या तिन्ही अंगांस विद्यापीठांत घर मिळालें, पण निरनिराळें. बडोद्याचें महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चें, पहिल्या काळांतील कुलगुरु हंसा मेहता. १९५० सालीं तेथें ललितकला व गृहविज्ञान अशा दोन्ही विद्याशाखा सुरू झाल्या. एकींत चित्र व शिल्प, दुसरींत बालकाची वाढ. या दोहोंमधील भिंत अधिकृतपणें कोणी पाडली नाहीं, परंतु के. जी. सुब्रमण्यन् यांच्यासारखा थोर चित्रकार खेळणीं करूं लागला, मुलांसाठीं चित्रांचीं पुस्तकें रचूं लागला, तेव्हां ती आपोआप ठेंगणी झाली.

वैयक्तिक निवडीचें याहूनही ठळक उदाहरण वर्ध्याजवळ सेवाग्रामास आहे. देवीप्रसाद हे शांतिनिकेतनच्या कलाभवनांत नंदलाल बोसांपाशीं शिकलेले चित्रकार व कुंभकार. १९४४ सालीं ते सेवाग्रामच्या नई तालीम शाळेंत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलांचीं चित्रें जमवावीं, तीं वयाप्रमाणें लावावीं, मूल काय पाहतें याचा त्यांवरून विचार करावा, हा त्यांचा उद्योग. त्यावर त्यांनीं ग्रंथ लिहिला. पुढें ते लंडनास युद्धविरोधी चळवळीच्या कामास गेले. कला, बालक, समाज या तीन पायऱ्या त्यांनीं जन्मभरांत चढल्या. एका अभ्यासक्रमांत त्या कोणीं त्यांस लावून दिल्या नव्हत्या. बोर्डीस १९४५ पासून व पुढें १९५७ पासून कोसबाडास कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांनीं वारली मुलांच्या अंगणांत शाळा नेली, तेथें शिंपले, बिया, पानें हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. तेंही याच वंशांतलें.

आतां जिच्यामुळें हा लेख लिहावासा वाटला त्या वस्तूकडे येतों. सुमारें बारा वर्षांपूर्वीं पोथ्यांच्या शोधांत एका रद्दीवाल्याकडे बसलों असतां वैद्यकाच्या एका फाटक्या बाडाबरोबर एक वही आमच्या हातीं आली. बाडाचे पैसे घेऊन त्यानें वही फुकट दिली, आणि तिची किंमत आम्हीं तेव्हां तेवढीच केली. कपाटाच्या तळाशीं ती पडून राहिली. या मुलीच्या प्रश्नानें तिची आठवण झाली. वही सुमारें आठ इंच लांब, साडेसहा इंच रुंद, रेघी कागद, आज पानें ७८, पहिलीं दोन व मधलीं चार फाडलेलीं. अक्षर बाळबोध, एकहातीं, शाई निळसर काळी. नांव, गांव, सन कांहीं नाहीं. ओळींत मणी, पुठ्ठा, रंगाच्या पुड्या यांचे भाव आणे-पयांत दिले आहेत, म्हणून १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वींची. एके ठिकाणीं मांटेसरीबाई मद्रासेस येऊन राहिल्याचा उल्लेख आहे, म्हणून १९३९ च्या अखेरीनंतरची. याहून जवळ जातां येत नाहीं. लिहिणारी स्त्री आहे हें क्रियापदांवरून उघड आहे, आणि ती कोणत्या तरी शिक्षिकावर्गांत शिकत होती हें मजकुरावरून.

वही सुलट धरली तर बालमानसशास्त्राचीं टिपणें आहेत. तीं कोरडीं आहेत. उलटी करून मागून उघडली तर रांगोळीचे ठिपके, भरतकामाचे नमुने, कापडी व पुठ्ठ्याच्या खेळण्यांच्या आकृति मापांसह. मध्यभागीं हे दोन प्रवाह एकमेकांस भेटतात. तेथें तिनें एका बिऱ्हाडांतील दीड वर्षाच्या मुलाचें सतरा दिवसांचें निरीक्षण लिहिलें आहे. मुलास विकत आणलेली बाहुली दिली, ती त्यानें टाकून दिली, व तुपाच्या डब्याचें झांकण घेऊन तें फरशीवर वाजवीत बसला. दुसऱ्या दिवशींच्या नोंदीसमोर त्या झांकणांत खडे घालून केलेल्या खुळखुळ्याची आकृति आहे. कडा दुमडून बोथट केल्याची सूचना बाणानें दाखविली आहे. चरकाचें वचन तिला ठाऊक असण्याचा संभव कमी, परंतु त्यांतील पांच अटी त्या झांकणांत उतरल्या आहेत. त्याखालीं त्या चाळींतील अकरा बिऱ्हाडांची यादी : खोल्या किती, माणसें किती, मूल कोठें निजतें, दिवसा त्यास कोण पाहतें. विकतचें खेळणें किती घरांत आहे याचा शेवटीं आंकडा : दोन.

या तिन्ही ठिकाणीं समासांत तांबड्या शाईनें, निराळ्या हातानें, एकच शब्द लिहिला आहे : 'विषयांतर'.

तो शब्द वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध बसलों. तीस वर्षें अध्यापन करतांना तोच शब्द त्याच शाईनें आम्हीं किती वह्यांत लिहिला असेल याची गणती नाहीं. मेघदूतावरील निबंधांत एका मुलानें मेघाच्या मार्गाचा नकाशा काढून त्यावर पावसाचे महिने लिहिले होते. त्यास आम्हीं गुण कापल्याचें आठवतें. ती वही आज असती तर मेघदूताच्या कोणत्याही छापील टीकेपेक्षां आम्हांस अधिक हवी होती.

मुलीस आम्हीं शेवटीं असें लिहून पाठविलें : चौसष्ट कलांचा आधार तुझ्या अर्जांत घालूं नये, तो तुझ्या विषयाचा पूर्वज नव्हे, फार तर दूरचा नातलग. चरकाचीं वचनें घालावयाचीं असल्यास शारीरस्थानाचा आठवा अध्याय पाहून, अर्थ समजून घालावीं. टिळकपक्ष व आगरकर यांचा वाद वाच, कारण तुझ्या त्रिपुटीवर 'हे तर बायकांचे विषय' असा आक्षेप येईल, आणि तो आक्षेप कोठून आला हें तुला ठाऊक असलें पाहिजे. वहीच्या सहा पानांचीं छायाचित्रें सोबत जोडलीं. तिचें उत्तर आलें कीं, चौसष्ट कलांचें वाक्य तिनें काढून टाकलें आहे, आणि तांबड्या शाईचें पान तिनें अर्जाच्या पहिल्या पृष्ठावर घातलें आहे. अध्यापकमंडळाचा निर्णय हा लेख छापावयास देईपर्यंत आलेला नाहीं.

भारतांतही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या विद्यार्थ्यास निरनिराळ्या शाखांतील विषय जोडण्याची मुभा देण्याचें ठरविलें आहे. उद्यां कोणी या जोडणीचा इतिहास लिहावयास बसेल तेव्हां छापील अभ्यासक्रमपत्रिका त्यास मिळतील; परंतु त्या पत्रिकांबाहेर जाऊन ज्यांनीं स्वतःच्या हिंमतीवर जोडणी केली, त्यांचीं कागदपत्रें कोठें मिळणार? आमच्या संग्राहकबंधूंची दृष्टि मोडी बखरींवर, सनदांवर, ताडपत्रांवर खिळलेली असते, आणि तें योग्यच आहे. परंतु शिक्षिकावर्गांतील वह्या, बालवाडीच्या नोंदी, मुलांचीं चित्रें, खेळण्यांचे कागदी नमुने हे घरोघरच्या माळ्यांवरून रद्दींत चालले आहेत, आणि पन्नास वर्षांनीं त्यांची स्थिति काश्यपसंहितेच्या हरवलेल्या पानांसारखी होईल.

वाचकांपैकीं कोणाजवळ १९६० पूर्वींच्या अशा वह्या अथवा नोंदी असतील तर त्यांनीं मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. मूळ वस्तु पाठविण्याची आवश्यकता नाहीं. पानांची संख्या, अक्षराचा हात, काळ ठरविण्यास उपयोगीं असे उल्लेख, आणि समासांत दुसऱ्या हाताचें लेखन असल्यास तें, एवढी माहिती पुरे. वर वर्णिलेली वही आम्हीं मंडळाच्या दप्तरखान्यांत दिली आहे. वहींतील सतरा दिवसांचें निरीक्षण व अकरा बिऱ्हाडांची यादी पुढील अंकांत समग्र छापण्याचा विचार आहे. फाडलेल्या चार पानांचा मजकूर काय असावा याविषयीं तर्क त्या वेळीं करूं.